दुसऱ्यांदा आलेला जंत
(नागपुरातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, "आत्ता फेब्रुवारीत शाळेत गोळी दिली होती, पुन्हा जंत निघाले. पोराच्या अंगात प्रतिकारशक्तीच नाही का, डॉक्टर?" नागपुरात दवाखाना चालवताना हा प्रश्न किती आयांनी मला विचारला, त्याची मोजदाद नाही. बाहेर रांग असायची. "हात धुवायला लावा, वावरात चप्पल घालू द्या" एवढं सांगून मी पुढच्या पेशंटला बोलवायचो. सल्ला बरोबर होता, पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. ते उत्तर आज द्यायचा प्रयत्न करतो.

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. प्रतिकारशक्तीची आपली कल्पना अशा आजारांवरून तयार झाली आहे. जंताचं गणित निराळं आहे. जीवाणूला पांढरी पेशी गिळून टाकते. गोल जंताची मादी वीतभर लांब, कधी त्याहून मोठी. तिला कोण गिळणार? आणि बहुतेक जंतांची आपल्या अंगात संख्या वाढत नाही. गोल जंताची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, मातीत काही आठवडे मुरतात आणि न धुतलेल्या सांबारावरून म्हणजे कोथिंबिरीवरून, मुळ्यावरून, पोरांच्या नखांतून परत तोंडात जातात. पोटात वीस जंत असतील तर वीस अंडी बाहेरूनच आत आली. म्हणून शरीरापुढचा खरा प्रश्न असा असतो: आत आहेत त्यांचं काय करायचं, आणि नव्याने येणाऱ्यांना कुठे अडवायचं?

आतल्यांना हुसकण्याचं काम आतडं स्वतः करतं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. त्या तिथे आहेत हे अनेक वर्षं ठाऊक होतं, पण त्या करतात काय ते २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. जंताची चाहूल पहिल्यांदा त्यांना लागते. त्या इंटरल्यूकिन-२५ हा निरोप सोडतात. तो ऐकून जवळच्या लिम्फॉइड पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्याच पेशी, इंटरल्यूकिन-१३ सोडतात, आणि मग आतड्यात सडासंमार्जन सुरू होतं. चिकट स्राव वाढतो, पाणी सुटतं, स्नायू जोरात आकुंचन पावतात, अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा लवकर झडून नव्या येतात. जंताला धरून राहायला घट्ट जागाच उरत नाही. शिवाय त्याच निरोपामुळे टफ्ट पेशींची संख्याही वाढते, म्हणजे पहारेकरीच वाढतात. मारण्यापेक्षा झाडून काढण्यावर भर देणारी ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

आता दुसऱ्या खेपेबद्दल, कारण त्या आईचा प्रश्न तोच होता. उंदराच्या आतड्यात राहणारा एक जंत पहिल्यांदा आला की महिनोन् महिने मुक्काम ठोकतो. औषध देऊन तो काढला आणि त्याच उंदराला पुन्हा अळ्या पाजल्या, तर चित्र बदलतं. अळी आतड्याच्या भिंतीत शिरते न शिरते तोच काही दिवसांत तिच्याभोवती पेशींची गाठ बांधली जाते. मागची ओळख ठेवलेल्या टी-पेशी तिथे येतात आणि मॅक्रोफेज पेशींना कामाला लावतात. हे मॅक्रोफेज जखम बुजवणाऱ्या जातीचे असतात, गवंडी म्हणा हवं तर. ते अळीला वेढून कमजोर करतात, आणि बऱ्याच अळ्या पूर्ण वाढीला पोचतच नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे मॅक्रोफेज काढून टाकले, तर दुसऱ्या खेपेचं संरक्षणही गेलं. म्हणजे शरीर शिकतं. मात्र ती शिकवण प्रौढ जंतापेक्षा कोवळ्या अळीवर जास्त चालते.

रक्ताच्या काचेवर इओसिनोफिल पेशी पाहिली आहे का कुणी? मागे नर्सिंगच्या मुली बसल्या आहेत, त्यांनी पाहिली असेल. आपल्या संत्र्याच्या रंगाचे दाणे भरलेली पेशी. पॉल एरलिखने १८७९ साली तिचं वर्णन केलं. अंगातून प्रवास करणाऱ्या अळीला आयजीई प्रतिद्रव्यं, अ‍ॅलर्जीत असतात तीच, चिकटली की या पेशी तिच्यावर आपले दाणे रिते करतात.

मग प्रौढ जंत सुटतो कसा? याचं उत्तर रक्तात राहणाऱ्या चपट्या कृमीवरून, शिस्टोसोमावरून, फार छान कळलं. हा आजार आफ्रिकेतला म्हणून आपण वाचतो, पण १९५२ साली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही तो सापडला होता. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्मिदर्स आणि टेरी यांनी माकडांच्या शरीरात थेट प्रौढ कृमी सोडले. ते प्रौढ कृमी सुखाने जगले, पण नंतर सोडलेल्या नव्या अळ्यांना मात्र माकडाच्या शरीराने अडवलं. आत शिरलेल्या भाडेकरूने दाराला आतून कडी घालावी, तसं. त्यांना असंही दिसलं की, हे कृमी यजमानाचेच रेणू अंगावर पांघरून बसतात. उंदरात वाढलेले कृमी माकडात घातले तर जगत. पण त्या माकडाला आधी उंदराच्या पेशींविरुद्ध तयार केलेलं असलं, तर मरत. पांघरूणच त्यांच्या जिवावर उठे.

इतर जंतांच्या युक्त्या वेगळ्या. मघाशी सांगितला तो उंदराच्या आतड्यातला जंत टीजीएफ-बीटा या, आपल्याच शरीरातल्या, प्रतिकार शांत करणाऱ्या रेणूची नक्कल करणारं प्रथिन सोडतो. रचना अगदी निराळी, काम तेच. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. आणि प्रतिकार वाढला की सगळं भलंच होतं असंही नाही. ब्राझीलमध्ये हूकवर्मवरच्या, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंतावरच्या, एका लशीची चाचणी झाली. तिथल्या लोकांना आधी हूकवर्म होऊन गेलेला, त्यामुळे अंगात लशीतल्या प्रथिनाविरुद्धची आयजीई तयारच होती. लस टोचल्यावर काही जणांच्या अंगभर पित्ताच्या गांध्या उठल्या आणि चाचणी थांबवावी लागली. या क्षेत्रातल्या माणसांना ती घटना अजून बोचते.

म्हणून त्या आईला मी आज सांगेन: ताई, मुलाच्या अंगात प्रतिकार आहे, फक्त तो हळू तयार होतो. गोल जंतांचा भार साधारण पाच ते पंधरा वयात सर्वांत जास्त असतो, मोठेपणी कमी होतो. त्यात माती कमी खाण्याचा वाटा आहे, शिकलेल्या प्रतिकाराचाही असावा. हूकवर्म मात्र मोठ्या माणसांनाही सोडत नाही, तिथे प्रतिकार फार तोकडा पडतो. गोळी आतले जंत काढते, पुढच्या अंड्याला अडवत नाही.

शेवटी हत्तीरोगाबद्दल बोललंच पाहिजे, कारण नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा आपला पट्टाच त्याचा. सेवाग्रामला त्यावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. रक्तात लाखो मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं, फिरत असूनही माणूस ठणठणीत दिसतो, कारण त्याची प्रतिकारयंत्रणा त्यांच्या बाबतीत गप्प बसवलेली असते. २०१९ पासून आपल्या जिल्ह्यात तीन औषधं एकत्र दिली गेली: आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल. गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, अंग ठणकतं, आणि गल्लीत बातमी पसरते की गोळी बाधली. शेजारचे लोक मग पुढच्या वर्षी गोळी खिशात टाकून घरी नेतात. याचं मला फार वाईट वाटतं. त्या रात्री अंगात काय होतं ते नीट ऐका. मायक्रोफायलेरिया एकदम मरू लागतात, त्यांच्या अंगात राहणारे वोल्बाकिया जीवाणू बाहेर पडतात, आणि गप्प बसलेली प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते. ज्याच्या रक्तात जंतांची पिल्लं जास्त, त्याला ताप जास्त. बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो. ताप वाढला किंवा टिकला तर आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताई दारात येईल तेव्हा जेवून घ्या आणि गोळ्या तिच्यासमोरच गिळा.