पेंटरांच्या हाताखाली

बाबूराव कृष्णराव मेस्त्री म्हटलं तर कोल्हापुरात कुणी पटकन ओळखणार नाही, बाबूराव पेंटर म्हणा, लगेच रस्ता दाखवतील. १८९० चा जन्म, कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत, सगळं कारागिराच्या घरात बघून बघून शिकलेलं.

सुरुवात नाटकाच्या पडद्यांपासून. नात्यातला भाऊ आनंदराव आणि हे, दोघं मिळून केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक कंपनीसाठी पडदे रंगवायचे, राजवाडा, जंगल, लांबवर गेलेला रस्ता, आणि सपाट कापडावर अशी खोली आणायची की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं आत चालत जाता येईल. मग दोघांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता म्हणून घरीच बनवायचा ठरला, पण १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, हाताखालचे विष्णुपंत दामले मदतीला होते, एकेक पार्ट घडवत १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू केलाच!

महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, शाहू महाराजांचा आधार होता. १९२० ला कंपनीचा 'सैरंध्री' हा सिनेमा आला. बायकांची कामं बायकांनीच केली, तेव्हा हे सोपं नव्हतं हो. टिळकांनी 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच कामासाठी.

पण आमच्या मते खरी गंमत पडद्यामागे आहे. शूटिंगच्या आधी सीनचं स्केच हे स्वतः काढणार, कपडे, दागिने, सेट सगळं कागदावर आधी, पोस्टरही स्वतःच रंगवणार, म्हणजे डायरेक्टर झाले तरी हातातला ब्रश काही सुटला नाही. आणि हाताखालच्या पोरांनी हे सगळं बघून उचललं, लेक्चर वगैरे काही नाही, जो येईल त्यानं रंग कालवायचा, सुतारकाम करायचं, वेळ पडली तर तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं. दामले, फत्तेलाल, धायबर, व्ही. शांताराम, पुढं नाव काढलेले हे सिनेमावाले सगळे इथलेच. १९२९ ला हीच मंडळी बाहेर पडली आणि प्रभात ही स्वतःची फिल्म कंपनी काढली, गुरूच्या कंपनीला तो धक्काच होता, ती पुढं फार टिकली नाही.

बाबूराव मात्र परत रंगांकडे आणि मातीकडे वळले. १९५४ ला गेले. कोल्हापूरला आलात तर शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा नीट थांबून बघा, तो पेंटरांच्याच हातचा आहे.