टर्की निमित्तमात्र
(अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळात नोव्हेंबरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या चकल्यांचा चुरा अजून डब्याच्या तळाशी आहे आणि येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुम्ही टर्की, किंवा टर्कीच्या नावाखाली पनीर, ओव्हनमध्ये घालणार आहात. मधल्या या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं बोला, अशी आयोजकांची आज्ञा आहे. म्हणून आज बोलतो कमी, फोटो जास्त दाखवतो.

हा पाहा पहिला. मेरिलिन मन्रो, १९५०च्या सुमारास. डोक्यावर पिलग्रिम लोकांची, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडहून इथे वसाहत करायला आलेल्यांची म्हणून ओळखली जाणारी टोपी, हातात जुन्या घाटाची बंदूक, समोर टर्की. कपडे मात्र टोपीच्या मानानं फारच आखूड. हसलात ना? हसण्यासाठीच काढलाय तो.

हे दिवस तिच्या घेतली-सोडलीचे होते. १९४६मध्ये फॉक्स स्टुडिओनं तिला करारावर घेतलं, वर्षभरानं सोडलं. १९४८मध्ये कोलंबियानं सहा महिने ठेवून पाहिलं, त्यांनीही सोडलं. १९५०च्या अखेरीस पुन्हा फॉक्स. अशा मुलीला टर्कीवर बंदूक रोखून उभी राहा म्हटलं तर ती कशाला नाही म्हणेल? आठवड्याचा पगार चालू आहे, भूमिका मिळेल तेव्हा मिळेल, तोवर कॅमेऱ्यासमोर उभं राहणं हीच नोकरी.

आणि अशा मुली प्रत्येक स्टुडिओत होत्या. फेब्रुवारीत पुठ्ठ्याचं लाल हृदय, ईस्टरला ससा, चार जुलैला अंगापेक्षा मोठा फटाका, ऑक्टोबरात चेटकिणीचा झाडू, नोव्हेंबरात टर्की, डिसेंबरात सांताची टोपी. सणवार बदलायचे, पाय तेच. पेपरवाल्यांच्या बोलीत या प्रकाराला ‘लेग आर्ट’ म्हणत, नाहीतर ‘चीजकेक’. स्टुडिओचा प्रसिद्धी विभाग फोटो फुकट पाठवायचा, मागे टंकलेल्या चार ओळी चिकटवलेल्या असायच्या, त्यात शक्यतो एखादी कोटी. संपादकाला नुसत्या पायांचा फोटो पहिल्या पानावर टाकायला संकोच वाटे. टर्की असली की ती सणाची बातमी झाली! आपण फार नाकं मुरडायला नकोत. आपल्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर वर्षानुवर्षं पणती घेतलेली बाई उभी आहे. त्यातली पणती कितीजणांनी नीट पाहिलीय, हात वर करा.

गंमत अशी की हॉलिवूडवर तेव्हा सोवळ्याचा कडक पहारा होता. १९३४पासून चित्रपटांची नैतिक नियमावली काटेकोर लागू झाली होती आणि जाहिरातीचे फोटोही तपासणीतून जात. त्या पहाऱ्यातून ही मुलगी सुटली ती कुणाचं बोट धरून? पिलग्रिम ज्यातले त्या प्युरिटन पंथाच्या, म्हणजे जगातल्या अतिसोवळ्या मंडळींच्या टोपीचं.

आता दुसरा फोटो. तोच काळ, पण जात वेगळी. हा छायाचित्रकार जॉर्ज हरेलच्या पद्धतीचा ग्लॅमर पोर्ट्रेट. १९३०च्या सुमारास हरेल एमजीएम स्टुडिओत आला आणि त्यानं चेहऱ्यांवर सावल्या पाडायला सुरुवात केली. वरून एकच धारदार दिवा, गालाखाली अंधार, पापण्यांची सावली गालावर. आठ बाय दहा इंचांची निगेटिव्ह, म्हणजे वहीच्या पानाएवढी. तिच्यावर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करणारे कारागीर बसलेले असत. सुरकुत्या, वांग, तीळ, सगळं तिथेच नाहीसं व्हायचं.

टर्कीच्या फोटोत यातलं काही दिसणार नाही. तिथे लख्ख उजेड, मागे कोरी भिंत, आकृतीची कडा स्पष्ट. वर्तमानपत्राच्या भरड कागदावर जाड ठिपक्यांत छापायचं तर सावलीचा नुसता काळा डाग होतो. मला विचाराल तर हे साधे, भगभगीत फोटो मला जास्त आवडतात. हरेलच्या फोटोतली बाई देवी असते. इथली मात्र दिवसभर उभी राहून दमलेली असणार, आणि तरी हसतेय.

कोणाच्या वाट्याला टर्की यायची, हेही ठरलेलं होतं. अभिनेत्री ग्रेटा गार्बो नवीन आली तेव्हा एमजीएमनं १९२६मध्ये तिला चक्क सिंहाशेजारी बसवलं. त्या फोटोत तिच्या चेहऱ्यावरची धास्ती लपत नाही. नाव झाल्यावर तिनं असले प्रकार बंद केले, आणि मग छायाचित्रकार क्लॅरेन्स सिंक्लेअर बुलनं तिची जी पोर्ट्रेट काढली त्यांत प्राणी तर सोडाच, दुसरं माणूसही सहसा दिसत नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर सिंह, ससे, टर्की. वरच्या पायरीवर फक्त आपण आणि दिवा.

थोडं त्या टोपीविषयी. काळे कपडे आणि टोपीला बक्कल हा पिलग्रिमांचा पोशाख नंतरच्या चित्रकारांनी त्यांच्या अंगावर चढवला. त्यांच्या मालमत्तेच्या याद्यांत लाल, हिरवे, निळे, जांभळे कपडे सापडतात. या सणाची सुरुवात मानल्या जाणाऱ्या, त्यांच्या प्लिमथ वसाहतीतल्या १६२१च्या मेजवानीविषयी त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लोचं पत्र आहे. त्यात रानपक्षी मारून आणल्याचा आणि तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी पाच हरणं आणल्याचा उल्लेख आहे. टर्कीचं नाव नाही. त्यांचा प्रमुख मॅसासोइट याच्याबरोबर नव्वदेक माणसं आली होती, इंग्रज पन्नासच्या आसपास, आणि जेवणावळ तीन दिवस. पहिल्या हिवाळ्यात वसाहतीतली जवळजवळ निम्मी माणसं गेली होती. मोठ्या वयाच्या विवाहित बायका उरल्या होत्या चार.

चार. दीडशेच्या घरात पानं, तीन दिवस. हाताशी पोरीसोरी असतील, पण मुदपाक कुणी सांभाळला हे इथल्या एकाही बाईला सांगायला नको. पडद्यावरच्या त्या हसऱ्या पिलग्रिम मुलीकडे बघताना मला हटकून त्या चौघी आठवतात. त्यांचा फोटो नाही.

सणाच्या तारखेचाही एक तमाशा झाला होता. लिंकनच्या १८६३च्या घोषणेपासून नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा रिवाज होता. १९३९मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, शेवटचा थेट तीस तारखेला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून दुकानदार राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे गेले आणि त्यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, टेक्ससनं दोन्ही दिवस पाळले! आपल्याकडे दोन पंचांगांत एकादशी वेगळी निघते, तसंच. शेवटी १९४१च्या कायद्यानं चौथा गुरुवार पक्का झाला. हॉलिवूडनं याचीही चेष्टा केलीच. १९४२च्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटात कॅलेंडरवर एक कार्टून टर्की बिचारी या गुरुवारावरून त्या गुरुवारावर पळते.

हा शेवटचा फोटो माझ्या संग्रहातला, जुन्या बाजारात मिळालेला. एका वर्तमानपत्राच्या कपाटातून बाहेर पडलेली मूळ प्रत आहे. मुलगी कोण, ते मला लागलेलं नाही. मागचा कागद निघून गेलाय, फक्त डिंकाचा पिवळा चौकोन राहिलाय. हातात कुऱ्हाड, पायाशी टर्की, चेहऱ्यावर खट्याळ हसू. आता कडेला बघा, लाल पेन्सिलीच्या रेघा दिसतायत? संपादकानं एवढाच भाग छापा म्हणून आखून दिलेलं आहे. डोक्यापासून टाचेपर्यंत मुलगी पूर्ण आत आलीय.

टर्की रेघेच्या बाहेर आहे.