शहराची धावपट्टी, गार्डचे बंब

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत आयोवा राज्यात सू सिटी नावाचं शहर आहे. तिथला विमानतळ शहराच्या मालकीचा. पण त्याच धावपट्ट्यांवरून प्रवासी विमानं उडतात आणि आयोवा एअर नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव हवाई दलाची, लष्करी विमानंही. दुसऱ्या महायुद्धात हा तळ बॉम्बर विमानांच्या प्रशिक्षणासाठी होता. आता वाटणी अशी: धावपट्टी शहराची, आगीचे बंब गार्डचे. पुन्हा सांगतो, धावपट्टी शहराची, बंब गार्डचे. एवढं ध्यानात असू द्या.

विमानतळाला बड डे यांचं नाव दिलंय. ते याच शहरात जन्मलेले, व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त युद्धकैदी राहिलेले. विमानतळांना नावं देण्याची हौस मला एरवी पटत नाही, प्रवाशाला गावाचं नाव कळलं की पुरे. हे नाव मात्र शोभतं. असो.

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० विमान, आत २९६ माणसं. दुपारी सव्वातीनच्या सुमारास शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची चकती फुटली. तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या, म्हणजे द्रवाच्या दाबाने सुकाणू नि झडपा हलवणाऱ्या, तिन्ही यंत्रणांच्या नळ्या कापल्या. तिन्ही! म्हणजे सुकाणू हलेना, पंखांवरच्या झडपा हलेनात, काहीच हलेना. कॅप्टन अल हेन्स यांच्या हाती उरली दोन इंजिनं. प्रवाशांमध्ये डेनी फिच नावाचे प्रशिक्षक वैमानिक होते. ते कॉकपिटमध्ये आले आणि दोन आसनांच्या मधल्या जागेत बसून दोन्ही हातांनी दोन थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे, कमीजास्त करत राहिले. डावं इंजिन वाढवलं की विमान उजवीकडे वळे, तेही मोठ्या गिरक्या घेत. चकती फुटल्यापासून धरलं तर तब्बल पाऊण तास असं चाललं.

विमान सू सिटीकडे आणलेलं. तिथल्या नियंत्रण टॉवरने कळवलं, कुठल्याही धावपट्टीवर उतरा. हेन्स हसले. म्हणाले, धावपट्टीच हवी असा हट्ट आहे का तुमचा? आणि विमान नेमकं समोर आलं ते बंद असलेल्या धावपट्टी २२ च्या. तिच्यावर उभं काय होतं? गार्डचे बंब! दुसऱ्या पट्टीवर विमान येईल म्हणून तिथे सज्ज ठेवलेले. शेवटच्या मिनिटांत ते बाजूला काढले, आणि विमान आलं. उजवा पंख टेकला, विमान फुटलं, पेटलं, मधला भाग उलटा होऊन मक्याच्या शेतात गेला.

आता तळ सामायिक असल्याचा फायदा बघा. हेन्स पुढे व्याख्यानांत सांगत की गार्डची २८५ प्रशिक्षित माणसं नेमकी त्या दिवशी तळावर हजर होती. इस्पितळांत पाळी बदलण्याची वेळ, त्यामुळे दोन्ही पाळ्यांचे डॉक्टर-नर्सेस हाताशी. शिवाय १९८७ साली मोठं विमान कोसळल्याची रंगीत तालीम झालेली. तालमीला हसणारे लोक मला भेटतात. सायरन वाजला की चहा घेत खिडकीत उभे राहणारे. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय.

२९६ पैकी १८४ जण वाचले. ११२ गेले.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एवढ्या मोठ्या विमानाला पुरेल इतकी अग्निशमन सामग्री ठेवण्याची सक्तीच त्या विमानतळावर नव्हती, कारण तिथे नेहमी येणारी विमानं लहान. बंबांना पाणी पुरवणाऱ्या टँकरचा शोषनळी ऐन वेळी आतून बंद झाला, पाणी येईना, आणि मधल्या भागाची आग बराच वेळ धुमसत राहिली. सरकारी चौकशी अहवालात त्या नळीवर चांगलंच लिहिलंय.

गार्ड अजून तिथेच आहे. तेव्हा ए-७ लढाऊ विमानं होती, आता हवेत इंधन भरणारी अवजड केसी-१३५ आहेत, आणि ती उतरतात शहराच्याच धावपट्टीवर.

वेळ संपली. नमस्कार.