लुइतकाठचा सूर

ही ब्रह्मपुत्रा. आसामी माणूस तिला लाडानं लुइत म्हणतो. हिच्याच खोऱ्यात, सादिया गावी, ८ सप्टेंबर १९२६ रोजी भूपेन हजारिका जन्मले. आईच्या तोंडची कामरूपी लोकगीतं ऐकत वाढलेलं हे पोर १९३९ साली ज्योतिप्रसाद अगरवालांच्या ‘इंद्रमालती’ बोलपटात गायलंसुद्धा.

पुढे बनारसला एम. ए., मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. तिथं त्यांना कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसन भेटले. रॉबसन मिसिसिपीचं गाणं गायचे. भूपेनदांना त्यात आपली लुइत दिसली आणि ‘बिस्तीर्ण पारोरे’ जन्मलं. दोन्ही काठांवर माणसं आक्रोश करताहेत, तू मुकाट वाहतेस कशी, असा थेट नदीलाच जाब! हिंदीत तेच ‘गंगा बहती हो क्यूँ’ झालं.

१९५६ साली त्यांनी ‘एरा बाटर सुर’ दिग्दर्शित केला, त्यात लतादीदी आसामीत गायल्या. ‘चमेली मेमसाब’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९२ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांचाच.

पण आपल्याला थांबायचंय ते एका गाण्यापाशी. ‘मणिराम देवान’ या आसामी चित्रपटासाठी त्यांनी एक चाल बांधली होती, ‘बुकु हम हम करे’. बुकु म्हणजे छाती, हम हम म्हणजे तिची धडधड. जवळपास तीस वर्षांनी, कल्पना लाजमींच्या ‘रुदाली’त, तीच चाल राजस्थानच्या वाळवंटात पोचली. गुलजारांनी शब्द हिंदीत लिहिले, ‘दिल हूम हूम करे’, पण ‘हूम हूम’ तेवढं आसामीच राहू दिलं. फार मोठा निर्णय होता तो. ‘धक धक’ म्हणताना तोंड उघडं राहतं. ‘हूम’ म्हणून बघा, ओठ मिटतात, आवाज छातीत घुमतो. हुंदका गिळताना आपण हेच करतो. लतादीदींनी ते गायलं, भूपेनदांनीही. त्यांचा तो खर्जातला, किंचित जडावलेला आवाज ऐकताना तर वाळवंटातही पाण्याची गाज ऐकू येते.

५ नोव्हेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांनी डोळे मिटले. पार्थिव गुवाहाटीला नेलं. ८ तारखेला अंत्यसंस्कार ठरले होते, पण दर्शनाची रांग संपेचना. लाखो माणसं आली होती. शेवटी अंत्यसंस्कार एक दिवस पुढे ढकलावे लागले.