माझा कौल शरदाला

मित्रहो, आवडता ऋतू कोणता, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी वसंत येतो. पालवी, फुलं, पाखरं. त्यात वावगं काहीच नाही. पण मला विचाराल तर मी पानगळीच्या शरदाला कौल देतो, आणि तो का, तेच आज सांगायचं आहे.

मार्चमधल्या आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनी दिवस-रात्र जवळपास सारखे असतात. माध्यान्हीचा सूर्यही तेवढ्याच उंचीवर असतो. तरीही उत्तरेकडच्या समशीतोष्ण प्रदेशांत मार्चचा वारा बोचतो आणि सप्टेंबरची दुपार ऊबदार असते. उन्हाळाभर तापलेला समुद्र आणि जमीन ही ऊब हळूहळू सोडत असतात. शरदाचा हा साठवलेला उबारा मला वसंतातल्या कोवळ्या उन्हापेक्षा जवळचा वाटतो.

आता पानांकडे या. पानगळ म्हणजे झाडाचं मरण, ही समजूत मला फार खटकते. दिवस आखडू लागले की झाड पानातलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडून प्रथिनांतला नायट्रोजन फांद्यांत आणि खोडात परत ओढून घेतं. हिरवा रंग ओसरतो तसा पिवळा दिसू लागतो. हा पिवळा, म्हणजे कॅरोटिनॉइड, पानात आधीपासूनच असतो. लाल रंगाची गोष्ट निराळी. अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतं. गळायला निघालेल्या पानात झाड साखर खर्चून नवा रंग भरतं! दिवस लख्ख उन्हाचे आणि रात्री गार, पण न गोठवणाऱ्या असल्या, तर हा रंग सर्वात खुलतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तिथून पान सुटतं आणि जखम बुजते. आणि ज्या पालवीसाठी आपण वसंताचे गोडवे गातो, तिच्या कळ्या तेव्हाच फांदीवर मिटून बसलेल्या असतात.

उन्हाळ्याविषयी मला फारसं बोलायचं नाही. तो मी सोसतो. हिवाळा आवडतो, पण त्याची स्थिरता मला लवकर कंटाळवाणी होते.

शरदात उदास वाटतं, असं अनेक जण म्हणतात. ते मी उडवून लावणार नाही. विषुवदिनाच्या आसपास दिवस सर्वात झपाट्याने लहान होत जातात, आणि कमी होणारा उजेड काहींच्या मनाला खरोखरच बाधतो. अशांनी वसंत निवडला तर मी वाद घालणार नाही.

एक तक्रार मात्र आहे. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वात जवळ असते आणि त्या सुमारास तिचा वेग वाढलेला असतो. त्यामुळे उत्तर गोलार्धातला शरद जेमतेम 90 दिवसांत सरतो, वसंताला मात्र जवळजवळ 93 दिवस मिळतात. दक्षिण गोलार्धात हा हिशेब नेमका उलटा आहे. तिथल्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो.