पाच टनांची वाट: कुर्डुवाडी ते मिरज

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई–सोलापूर लाइनवर दौंड मागे टाकलं, की सोलापूरच्या अलीकडे कुर्डुवाडी जंक्शन लागतं. इथून एक फाटा बार्शीवरून लातूरला जातो. दुसरा मोडनिंब, पंढरपूर, सांगोला, कवठे महांकाळ, आरग असा मिरजेला. हा दुसरा फाटा 189 किलोमीटरचा: पंढरपूरपर्यंत 52, पुढे 137. या फाट्यावर ना घाट, ना बोगद्यांची रांग. म्हणूनच हौशी मंडळी तो सोडून कोकणात जातात. पण रुळांकडे बघायची सवय असेल, तर असा वाचनीय रस्ता महाराष्ट्रात दुसरा मिळणं कठीण.

आधी थोडी पूर्वपीठिका. बार्शी ही कापसाची पेठ आणि माल बैलगाड्यांनी स्टेशनावर यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तिथे अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटर गेजची (गेज म्हणजे दोन रुळांतलं अंतर) रेल्वे आखली. 1897 साली पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा आजच्या कुर्डुवाडीचं नाव होतं बार्शी रोड. पुढे 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरज. 1954 साली ही बार्शी लाइट रेल्वे सरकारकडे आली.

कॅलथ्रॉपची खरी करामत मात्र गेजमध्ये नव्हती. त्याने नियमच घातला, की इंजिन असो वा वॅगन, कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. म्हणजे इंजिन जड हवं असेल, तर त्याला चाकं जास्त लावा. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याला चालत्या चाकांच्या चार जोड्यांचं इंजिन करून दिलं. भार सगळीकडे सारखा, त्यामुळे रूळ हलका चालला. यार्डाला 30 पौंड, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलो. रूळ हलका, म्हणून पूल हलका, भराव बुटका आणि खर्च कमी. हा पाच टनांचा आकडा लक्षात ठेवा, दिवसभर कामाला येईल.

2001 नंतरच्या दहा वर्षांत हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती याच वाटेने. मिरजेला भरलेली, पंढरपूर, कुर्डुवाडी करत 342 किलोमीटर. पहिल्या खेपेला 10 टँकर वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. पुढे 50 वॅगनची गाडी धावू लागली. आता हिशोब करा. एका वॅगनमध्ये पन्नासेक टन पाणी, रिकामी वॅगन सत्तावीस टनांच्या आसपास आणि आस चार. एका आसावर जवळपास वीस टन. कॅलथ्रॉपच्या चार आसांचं ओझं एकावर. जुन्या रुळांवर ही गाडी स्टेशनच्या आवाराबाहेरही पडली नसती.

आता प्रवासाकडे येऊ. पहिली चूक होते ती तिकिटात. कुर्डुवाडी–मिरज असं सलग तिकीट काढून पंढरपूरला उतरायचं आणि मागच्या गाडीने पुढे जायचं, असा बेत लोक करतात. ते चालत नाही. 500 किलोमीटरच्या आतल्या तिकिटावर मध्येच प्रवास तोडता येत नाही; उतरलात की तिकीट संपलं. तेव्हा जिथे थांबायचं तिथपर्यंतचं वेगळं तिकीट काढा. शिवाय 199 किलोमीटरपर्यंतचं अनारक्षित तिकीट सकाळी काढून दुपारसाठी खिशात ठेवता येत नाही. तीन तासांत किंवा तिकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीने, यातलं जे उशिराचं असेल तोपर्यंत, निघावं लागतं.

दुसरी गोष्ट, गाडीचा नंबर. पाच आकडी नंबर 5 ने सुरू झाला तर इंजिनाची साधी पॅसेंजर, 6 ने मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेवरची गाडी, 7 ने डेमू, म्हणजे तशीच डिझेलवरची. 0 ने सुरू झाला तर विशेष गाडी, आणि ती ठरावीक तारखांनाच असू शकते. पंढरपूरच्या चार वाऱ्यांना, विशेषतः आषाढी-कार्तिकीला, अशा गाड्या भरपूर असतात. पण त्या दिवसांत खिडकी मिळण्याची आशा धरू नका. एरवी या फाट्यावर पॅसेंजर मोजक्याच आहेत. एक चुकली की दिवस गेला, म्हणून आधी परतीची गाडी ठरवा, मग जायची. निघण्याआधी 139 वर चौकशी करा.

बसायचं कुठे? कुर्डुवाडीहून मिरजेकडे गाडी साधारण नैऋत्येला जाते. सकाळी ऊन डाव्या खिडकीत येतं, म्हणून उजवीकडे बसा. समोरचं शिवार उजळलेलं दिसतं आणि फोटो काळे पडत नाहीत. दुपार कलली की डावीकडे सरका. दारात पाय सोडून बसायचा मोह होईल. पायरीवरून प्रवास हा रेल्वे कायद्याच्या कलम 156 खाली गुन्हा आहे, आणि लाइनच्या कडेचा विजेचा खांब दारापासून फार लांब नसतो.

हे खांब कामाचेही आहेत. प्रत्येकावर दोन आकडे असतात. वरचा किलोमीटर आणि खालचा त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. जुना पूल किंवा मोडकी केबिन दिसली, की जवळच्या खांबाचे आकडे टिपून घ्या. नंतर नकाशावर जागा बिनचूक सापडते. वेगही यावरच काढायचा. वरचा आकडा बदलला की घड्याळ चालू, पुन्हा बदलला की बंद. 3600 ला त्या सेकंदांनी भागा. 45 सेकंद लागले तर ताशी 80, साठ लागले तर 60. पूर्वी रुळांच्या सांध्यांची टकटक मोजून हे व्हायचं. आता रूळ लांबच लांब जोडलेले, टकटक गेली. आवाज येतो तो स्टेशनजवळ पॉइंटवरून, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथून, जाताना, एकदम खडाड असा.

त्या खडाडबरोबर गाडी एका अंगाला ओढली गेली आणि वेग पडला, तर समजा, लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतलंय. समोरून गाडी यायची आहे, क्रॉसिंग. इकडे चहा घ्यायला उतरू नका. समोरची गाडी गेली की आपला सिग्नल लगेच पडू शकतो. त्याऐवजी स्टेशनवरचा माणूस बघा. हिरवा बावटा धरून तो जाणाऱ्या गाडीच्या शेपटाकडे नजर लावून असतो. शेवटच्या डब्यावर पिवळी फुली किंवा एलव्ही (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) लिहिलेली पाटी दिसली, म्हणजे गाडी अख्खी आली, मागे डबा सुटून राहिला नाही. ती खात्री झाल्याशिवाय मागचा सेक्शन, म्हणजे मागच्या स्टेशनापर्यंतचा रूळ, मोकळा धरत नाहीत.

वही मात्र एकाच कामासाठी उघडा. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मोडनिंबपासून प्रत्येक पाटीची उंची किलोमीटरसह लिहीत चला. पंढरपूरच्या अलीकडे गाडी भीमा ओलांडते. सांगोला माणकाठचं, म्हणजे भीमेच्याच खोऱ्यातलं. कवठे महांकाळचं पाणी मात्र अग्रणी नदीतून कृष्णेला जातं. म्हणजे जवळे, म्हसोबा डोंगरगाव, जत रोड, ढालगाव या टापूत कुठेतरी पाणलोटाचा माथा आहे आणि तो तुमच्या वहीत दिसला पाहिजे. फक्त एक घोळ होतो. सहा किलोमीटरमध्ये बारा मीटर चढ, म्हणजे 500 ला 1, असं गणित करून लोक मोकळे होतात. ती सरासरी झाली. मधे गाडी उतरून पुन्हा चढलेली असते. त्यासाठी रुळाकडेची दोन हातांची बुटकी खूण पाहा: हात वर तर चढ, खाली तर उतार, आणि त्यावर 100 लिहिलं असेल तर 100 मीटरला एक मीटर. इंग्रजी एल असेल तर सपाट.

जुन्या छोट्या लाइनचे अवशेष शोधायचे असतील तर वळणांवर नजर ठेवा. हलकी गाडी चढाला वळसा घालून जायची. ब्रॉडगेजला तशी वळणं परवडत नाहीत, म्हणून ती सरळ केली. सोडून दिलेला तुकडा म्हणजे शेतातून बाकदार गेलेला, बाभळी माजलेला कंबरभर भराव, मध्ये एखादी दगडी मोरी. बघायला जायचं तर रस्त्याने जा. रूळ ओलांडून घुसणं हा कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सांगोल्याला मालधक्का बघून घ्या. डिसेंबर 2020 मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे इथूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. डाळिंबाचा मुलूख. पुढे आरग–बेडग भागात पानमळे दिसायला लागले, की मिरज आलं.

मिरज स्टेशनात एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो, तिन्ही गेज होते. आता सगळं ब्रॉड. फलाटावरूनच समोरच्या रुळाच्या पोटाकडे निरखून पाहा, दुर्बीण असेल तर उत्तम. तिथे उठावदार अक्षरांत कारखाना, महिना, वर्ष आणि रुळाचं वजन उमटवलेलं असतं. 52 किंवा 60 दिसेल, मीटरला तेवढे किलो. गंजाखाली अक्षरं नीट लागत नसतील तर दुसऱ्या फलाटावर जा. जिथे ऊन तिरकं पडतं तिथे ती चटकन वाचता येतात.