आंबट सोसणारे

(दृश्य: दादरची चाळ, सकाळचं स्वयंपाकघर. ओट्यावर झाकलेलं स्टीलचं पातेलं.)

मे महिन्यातली मुंबई. रात्री लावलेलं दही सकाळी फ्रिजमध्ये ठेवायला तासभर उशीर झाला, की आंबट झालंच. पण ते आंबट होत होत एका टप्प्याला थांबतं. दूध संपलं म्हणून नव्हे. जीवाणू स्वतःच केलेल्या लॅक्टिक आम्लापुढे हात टेकतात म्हणून.

या आम्लाचा रेणू पेशीच्या आवरणातून आत झिरपतो आणि आत जाऊन हायड्रोजनचा आयन सोडतो. पेशीला तो बाहेर फेकावाच लागतो. जुलैत तळमजल्याच्या घरात पाणी शिरावं आणि घरातली सगळी माणसं बादल्या घेऊन उपसत बसावीत, तशी गत. चूल पेटवायला कोणी मोकळं नसतं.

(दृश्य: कारखान्यातली आंबवण्याची टाकी.)

कारखान्याला हेच आम्ल टनांनी लागतं. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके, कुजू शकणारं प्लास्टिक, त्यातूनच होतं. जीवाणू जगावेत म्हणून टाकीत चुना घालून आंबटपणा मारतात. मग गंधकाम्ल घालून आम्ल पुन्हा सोडवून घेतात. टनभर आम्लामागे चुना आणि गंधकाम्ल मिळून झालेलं साधारण टनभर जिप्सम उरतं. मला खुपतो तो हा ढीग.

आंबट सोसणारा जीवाणू मिळाला, तर चुना कमी लागेल. तो घडवायची एक रीत अगदी विरजणाची: रोज थोडं काढायचं, नव्या अन्नात घालायचं. फक्त प्रयोगशाळेत ते अन्न हळूहळू जास्त आंबट करत नेतात. तगतील तेच पुढे जातात. 2002 मध्ये संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस या लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जीवाणूचे असे चिवट वाण एकमेकांत मिसळून, त्यांच्या जनुकांची सरमिसळ करून, आणखी सोशीक वाण मिळवले.

(दृश्य: ट्रॉम्बेचा किनारा.)

ट्रॉम्बेत वाट उलटी होती. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गाला दाद न देणारा डायनोकॉकस हा जीवाणू घेतला आणि त्यात साल्मोनेला या दुसऱ्या जीवाणूचं एक जनुक बसवलं. पाण्यात विरघळलेलं युरेनियम फॉस्फेट होऊन तळाशी बसू लागलं. हे काम 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. चिवटपणा त्याच्या अंगचाच, काम नवं.

लॅक्टिक आम्लाच्या टाकीत मात्र एक धास्ती राहते. सोसायला शिकलेला जीवाणू कधी कधी नुसता तग धरतो, आम्ल करणं कमी करतो. म्हणून प्रत्येक फ्लास्कमागे वहीत दोन आकडे पडतात: किती वाढले आणि किती आम्ल दिलं.